गुडघ्याची गोळी

नवी पेठ, सोलापूर
सोमवार, १ डिसेंबर २०२५, दुपारी दोन

प्रिय रेश्मा,

हे पत्र एकटीनं वाच. माळवदावर जा, न्हाणीत जा, कुठंही जा, पण आईंसमोर उघडू नकोस.

फोन का केला नाही असं विचारशील. केला होता. तुझा फोन वैष्णवीनं बादलीत बुडवल्यापासून आबांच्या फोनवर करावा लागतो, आणि आबा फोन उचलतात तेच लाऊडस्पीकर लावून. मी "रेश्माला द्या" म्हणालो तर ते म्हणाले, "बोला की पावनं, सगळी हितंच हायत." मागून आई, तुझी चुलती आणि शेजारच्या केराबाई, तिघींनी हजेरी दिली. मग मी थंडी किती पडलीय एवढं विचारून फोन ठेवला. दुपारी बारा वाजता थंडीची चौकशी करणारा जावई त्यांना वेडाच वाटला असेल. तसा तो आहेच, पुढं वाच.

कालच्या उष्टावणाचे राहिलेले पेढे मी आज दुकानात वाटले. शेजारच्या मेडिकलमध्येही नेले. तिथल्या आफरीन मॅडम तुला ठाऊक आहेत, तुझ्या बाळंतपणातली सगळी औषधं त्यांनीच दिली. मी मोठ्या ऐटीत सांगितलं, लेकीला मामानं काल पहिला घास भरवला, सव्वासहा महिन्यांची झाली. पेढा खाता खाता त्या म्हणाल्या, "मुबारक हो. आता पाळणा लांबवायचं बघा, अंगावरच्या दुधाचा भरवसा संपला."

मी म्हटलं, असं कसं? लेकरू अंगावर पितंय तोवर भीती नाही असं आमच्या सासूबाई सांगतात. त्या म्हणाल्या, त्याला तीन अटी आहेत. लेकरू सहा महिन्यांच्या आतलं पाहिजे, वरचं काहीही न घेता फक्त दुधावर पाहिजे, आणि आईची पाळी परत सुरू झालेली नको. यातली एक जरी मोडली तरी भरवसा मोडला. आणि पाळी यायच्या आधीच दिवस राहू शकतात, त्यामुळं वाट बघत बसण्यातही अर्थ नाही.

रेश्मा, आपण दोन अटी मोडून बसलोय. पहिली आठवड्यापूर्वीच मोडली होती आणि दुसरी सिद्धेश्वरमामानं काल बाराला खिरीच्या चमच्यानं मोडली. चार वाजता घरची सगळी मारुतीला नारळ फोडायला गेली आणि आपण वैष्णवीला झोपवायला मागं राहिलो. वैष्णवी झोपली. पुढचं लिहीत नाही, तू हजर होतीस.

दिवसभर साड्या दाखवत स्वतःच्या खांद्यावर पदर टाकून "ताई, बघा कसा पडतो" म्हणणारा माणूस मी, मला बायकांसमोर लाज ती कसली. पण त्या काउंटरवर गोळीचं नाव जिभेवर येईना. शेवटी म्हणालो, "तसली गोळी द्या." आफरीन मॅडमनी तोंडाकडं बघितलं आणि न विचारता काढून दिली. एकच गोळी आहे. बहात्तर तासांच्या आत घ्यायची, पण जितकी लवकर तितकी बरी. वैष्णवीला पाजत असलीस तरी चालते. ती दिवस राहू नयेत म्हणून आहे, राहिलेले पाडण्यासाठी नाही.

तीनच्या गाडीनं कंडक्टर बिभीषणकडं पिशवी देतोय. वर वैष्णवीचं स्वेटर, त्याच्या बाहीत हे पत्र, आणि खाली गोळीचं पाकीट. कुणाला संशय नको म्हणून पाकिटावर मी 'गुडघ्याची गोळी' असं लिहिलंय. डोकं चालवलं की नाही?

गेल्या मे महिन्यात ऑपरेशनच्या दारात रक्ताची पिशवी हातात धरून मी उभा होतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, तीन वर्षं दुसरं नको, टाके आहेत. ते मी विसरलो नव्हतो. पण काल चार वाजता विसरलो, हे खरं.

तुझा,
अभिमन्यू

*

करकंब
मंगळवार, २ डिसेंबर, सकाळी सहा

अहो,

डोकं चालवलंत. फार चालवलंत.

काल संध्याकाळी बिभीषणभाऊंनी पिशवी स्टँडवर आईच्याच हातात दिली. मी वैष्णवीला पाजत होते. आईनं रस्त्यातच पिशवी उघडली आणि पाकिटावरचं वाचलं. चौथी शिकलीय ती, तुमचं अक्षर तिला लागतं. घरात येईपर्यंत अर्ध्या आळीला कळलं होतं की जावयानं सासूच्या गुडघ्यासाठी सोलापूरहून गोळी पाठवलीय. "काल मी जिना चढताना अगं आई गं केलं ते पावन्यानं बघितलं की. पोटच्या पोरानं न्हाय बघितलं," असं म्हणून तिनं गरम दुधाबरोबर गोळी घेतली. मारुतीच्या दिशेनं हातही जोडले.

तुमचं पत्र मला नऊ वाजता सापडलं, स्वेटर घालताना बाही आत जाईना तेव्हा. वाचलं. आधी तुमचा राग आला, मग हसू आलं, मग भीती वाटली. तोंड दाबून हसत होते तर आईला वाटलं मला उचकी लागलीय. तिनं पाणी आणून दिलं.

आता सांगा, आईला काही होणार नाही ना? सत्तेचाळीसची आहे. तिला सांगायची माझी छाती होईना. सकाळी उठून म्हणते, गुडघा हलका वाटतोय. केराबाई पण आपल्यासाठी गोळी मागवायला सांगून गेल्यात.

इथं गावात गोळी मिळत नाही असं नाही. आशाताईंजवळ फुकट असते. पण आशाताई म्हणजे माझी चुलती तानाबाई. तिला सांगितलं की ते माझ्याआधी वेशीवर पोचतं. आणि मेडिकलवाला आबांच्या भजनातला टाळकरी. म्हणून सातच्या गाडीनं हे पत्र देतेय. उद्या दुपारी चारला बहात्तर तास भरतात. मी बोटांवर मोजत बसलेय.

आणि या वेळी कशावर काही लिहू नका. तुमच्या पाया पडते.

रेश्मा

ता.क. मेमध्ये तुम्ही दारात उभे होता. मी आत होते. परवा चार वाजता विसरायला मीही होते, सगळा दोष एकट्यानं घेऊन मोठे होऊ नका.

*

नवी पेठ, सोलापूर
मंगळवार, २ डिसेंबर, दुपारी एक

प्रिय रेश्मा,

पत्र अकराला मिळालं आणि मी तसाच मेडिकलमध्ये गेलो. काउंटरला चार गिऱ्हाइकं, त्यात आमच्या शेठच्या मंडळी खोकल्याचं औषध घ्यायला आलेल्या. मी थांबू शकलो असतो. पण तास मोजताना माणसाची लाज कुठं जाते कोण जाणे. मी म्हणालो, "मॅडम, कालची गोळी अजून एक द्या."

आफरीन मॅडमनी भुवया वर केल्या. "कालच दिली की. उलटी झाली काय? दोन तासांच्या आत?"

मी म्हणालो, "न्हाय. सासूनं गिळली."

खोकणाऱ्या बाई खोकायच्या थांबल्या. मॅडम वळून फळीवर काहीतरी शोधत राहिल्या, त्यांचे खांदे हलत होते. मग डोळे पुसून म्हणाल्या, सासूबाईंना काही होणार नाही, फार तर मळमळेल. गुडघ्याला मात्र काही गुण नाही, हलका वाटतोय तो जावयाच्या प्रेमानं. आणि मला म्हणाल्या, "अभिमन्यूभाऊ, औषधावर खोटं नाव घालायचं नाही कधी. तुमच्या नशिबानं ही गोळी साधी होती. दुसरी कुठली असती तर?"

मान खाली घालून ऐकलं. खरं तेच होतं. सहा वर्षं कापडावरची चिठ्ठी खोटी नको म्हणून मी शेठशी भांडतो, आणि औषधावर स्वतः खोटी चिकटवली.

गोळी या पत्रालाच टाचलीय. पाकिटावर तिचं खरं नाव छापलंय तेवढंच आहे. बिभीषणला बजावलंय की पत्र तुझ्याच हातात द्यायचं. तो म्हणाला, "दाजी, लव लेटर हाय व्हय?" मी व्हय म्हणालो. सहाला तुला मिळेल, म्हणजे पन्नास तास. मॅडम म्हणतात, काल घेतली असती तर जास्त बरं, पण आज घेतली तरी उपयोग आहे. शंभर टक्के हमी कुठल्याच गोळीची नसते हेही त्यांनी सांगितलं. ते मी तुला सांगणार नव्हतो. पण आता लपवालपवी पुरे.

घेतल्यावर दोन तास जप. उलटी झाली तर लगेच कळव. आबांच्या लाऊडस्पीकरवर कळव. ग्रामपंचायतीच्या भोंग्यावर कळव, मला चालेल.

अभिमन्यू

*

करकंब
गुरुवार, ४ डिसेंबर

अहो,

परवा सहा वाजून दहा मिनिटांनी घेतली. उलटी झाली नाही. मळमळ मात्र अशी होत होती की मी दोन तास भिंतीला टेकून बसले आणि घड्याळाकडं बघत राहिले. आईनं ताट वाढलं, मी नको म्हणाले. आई काय म्हणाली माहितेय? "जेवत न्हाईस, घड्याळ बघतीस. काय गिळलंयस ते सांग."

मग मी सांगितलं. पहिल्यापासून. तुमचं पत्र, पेढे, तीन अटी, तिनं गिळलेली गोळी, सगळं.

आईनं आधी विचारलं, "म्हंजी मी ती खाल्ली? ह्या वयात?" मग पदर तोंडात कोंबून हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "तुझ्या आबास्नी सांगू नगं. आळीत तर न्हाईच न्हाई." मला वाटलं, चला, सुटलो.

पण हसून झाल्यावर ती माझ्या ताटातली भाकरी परत टोपलीत ठेवू लागली. मी सहज म्हणाले, "आई, तूच तर सांगितलं होतंस, लेकरू अंगावर पितंय तोवर भीती नाही म्हणून."

ती म्हणाली, "व्हय. माझ्या आईनं मला सांगितलं हुतं, मी तुला सांगितलं."

"मग तुला कधी अनुभव आला नाही का उलटा?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं की मला कळेचना मी काय विचारलं. म्हणाली, "तुझ्यात आन् सिद्धेश्वरमध्ये सव्वा वर्साचं अंतर हाय. मोज की."

अहो, मी सव्वीस वर्षांची झाले. दोघांचे वाढदिवस दरवर्षी करते. हे मी कधी मोजलंच नव्हतं.

मग तिनं सगळं सांगितलं. मी आठ महिन्यांची असताना तिला कळलं की परत दिवस गेलेत. पोटुशीचं दूध लेकराला बाधतं म्हणून म्हाताऱ्यांनी मला एका दिवसात तोडलं. तिनं कडूनिंबाचा पाला वाटून छातीला लावला. मी तोंड लावायची आणि रडायची, परत लावायची आणि रडायची. आठ दिवस. "तू हुडकत यायचीस आन् मी तुज्याकडं पाट करून निजायची," म्हणाली. मग शेळी आणली. तुम्हाला ती गोष्ट माहीतच आहे. लग्नाच्या बैठकीत आबांनी तुमच्या घरच्यांनाही सांगितली होती, आमची पोरगी शेळीच्या दुधावर वाढलीय म्हणून अशी उड्या मारते. सगळे हसले होते. आईपण हसली होती.

मी विचारलं, "एवढं भोगून तू मला तेच कसं सांगितलंस?" ती म्हणाली, "बाळंतिणीला सांगायचं म्हणून सांगत्यात की. मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं आसंल. म्हण कशी चुकंल."

मला तिचा राग आला नाही. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि आम्ही दोघी वैष्णवी उठेपर्यंत तशाच बसलो. सिद्धेश्वरचा यात काही दोष नाही असं ती तीन वेळा म्हणाली. मी म्हणाले, नाहीच.

आता पुढचं विचारा मॅडमना. माझी पाळी अजून आलेलीच नाही. ज्याची तारीखच ठरलेली नाही ते चुकलं हे ओळखायचं कसं?

रेश्मा

*

नवी पेठ, सोलापूर
मंगळवार, ९ डिसेंबर

प्रिय रेश्मा,

तुझं पत्र मी गोदामात साड्यांच्या गठ्ठ्यावर बसून वाचलं. शेठनं विचारलं, घरी कुणी गेलं काय. मी म्हणालो, नाही, शेळीची गोष्ट आहे. ते गठ्ठा मोजायचा सोडून निघून गेले. आजकाल ते माझ्याशी कमीच बोलतात, त्यांच्या मंडळींनी त्यांना सासूचं सांगितलंय.

शेळीवरून मी तुला तीन वर्षांत किती वेळा चिडवलं असेल. भांडलीस की "में में" करायचो. मला माफ कर. मला ठाऊक नव्हतं, पण तुलाही ठाऊक नव्हतं, आणि जिला ठाऊक होतं ती आमच्याबरोबर हसत होती. हे मला दोन दिवस काही सुचू देईना.

मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, तारीख नसेल तर त्या दिवसापासून तीन आठवडे मोजायचे आणि तपासणी करायची. म्हणजे एकवीस तारीख, रविवार. किट सोबत पाठवतोय. सकाळच्या पहिल्या लघवीवर करायची. एक रेघ म्हणजे नाही, दोन म्हणजे हो. रेघच नाही आली तर किट खराब. दोन आल्या तर घाबरून घरात बसायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरीणबाईंकडं जायचं, मी येतो. काय करायचं ते तू ठरवायचंस, मी शेजारी उभा राहीन. रक्ताची पिशवी धरायचा मला अनुभव आहे. पण परत नको ग. त्या दिवशी तू वाचतेस की नाही हे मला कुणी सांगत नव्हतं आणि मी भिंतीवरची 'शांतता राखा' ही पाटी शंभर वेळा वाचली होती.

दुसरं, ती गोळी त्या एका वेळेपुरतीच असते. पुढचं तिच्यावर सोडायचं नाही. त्यामुळं मी आज मेडिकलमध्ये भरल्या गर्दीत मोठ्यानं म्हणालो, "निरोध द्या." जरा जास्तच मोठ्यानं झालं. बाहेर रिक्षावाल्यानं वळून बघितलं. आफरीन मॅडम म्हणाल्या, "शाबास, पण हळू सांगितलं तरी देतो आम्ही."

तांबीबद्दल त्यांनी सांगितलंय, सरकारी दवाखान्यात बसवतात, अंगावर पाजत असताना चालते. बसवायची की नाही हे तुझ्यावर. तुझं अंग आहे, मी आजवर त्याच्याबद्दल फक्त म्हणींवर विश्वास ठेवला.

बारा दिवस राहिले. मी दुकानात साडी मोजतानाही बारापाशी अडकतो.

अभिमन्यू

*

करकंब
रविवार, २१ डिसेंबर

अहो,

एकच रेघ.

पहाटे उठून केलं. पाच मिनिटं थांबायला सांगितलंय, आम्ही दोघी दहा मिनिटं थांबलो. आईला चष्म्याशिवाय दिसेना. ती सारखी विचारत होती, "एक का दोन? एक का दोन?" मी "एक" म्हणाले तर तिनं पट्टी हातातून घेतली, दारात उजेडाला धरली आणि स्वतः मोजली. एक मोजायला तिला बराच वेळ लागला. मग चूल पेटवायला गेली.

फोन मुद्दाम केला नाही. आबांसमोर "एक" म्हणाले असते तर त्यांनी विचारलं असतं, एक काय. आणि तुम्ही रडला असतात तर ते साऱ्या आळीला ऐकू गेलं असतं. हे पत्र बिभीषणभाऊ साडेदहालाच तुमच्या हातात देतील. गोदामात जाऊन रडा.

तांबी मी बसवून घेतेय. मंगळवारी पंढरपूरला चाललेय, आई सोबत येणार आहे. तिनंच सांगितलं, "म्या येते, तुझ्या सासूला काय सांगायचं ते माज्यावर सोड." संक्रांत झाली की सोलापूरला येते. तिकडं नळाला पाणी पाचव्या दिवशी आलं तरी चालेल, पिंपं भरून ठेवा.

एक सांगायचं राहिलं. काल तुमच्या मामेभावाकडची माणसं वैष्णवीला बघायला आली होती. आबांनी सवयीप्रमाणं सुरू केलं, "ही हिची आई, शेळीच्या दुधावर वाढलेली..." आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. हात पिठाचे होते. म्हणाली, "हसू नगा. ती हौसंनं न्हाय वाढली शेळीवर." एवढंच बोलून परत भाकरी थापायला गेली. आबा बघतच राहिले. रात्री त्यांनी मला हळूच विचारलं, तुझ्या आईला काय झालंय. या वेळी लाऊडस्पीकर नव्हता तरी मला त्यांना सांगता आलं नाही. मी म्हणाले, तिलाच विचारा. मला वाटतं, त्यांनी विचारलं. आज सकाळी ते तिच्यासाठी स्टँडवरून केळी घेऊन आले.

तुमची,
रेश्मा

*

करकंब
२८ डिसेंबर

जावाईबापू अभिमन्यूराव यांस, रंभाबाईचा आशीर्वाद.

मी चौथी शिकलेली हाय. चुकलंमाकलं समजून घ्या. रेश्मा म्हनली मी लिवते, मी म्हनलं न्हाय, मी लिवनार.

तांबी बसली. लेक चांगली हाय. येताना येष्टीत मी तिला धरून बसले हुते, तर तिच मला म्हनली, आई तू दमलीस.

तुमची ती गोळी मी खाल्ली म्हनून आळी हसंल, हसू द्या. मी आता भीत न्हाय. काल केराबाईच्या घरी गेले हुते. तिची लेक बाळंतीन हाय, पोरगं साडेपाच म्हैन्यांचं. केराबाई तिला म्हनत हुती, अंगावर पितंय तवर भ्या न्हाय. मी म्हनले, केराबाई, ते आर्धंच खरं हाय. उष्टावण झालं की दवाखान्यात जायाचं. केराबाई म्हनली, तुला कुनी सांगितलं. मी म्हनले, माझ्या जावयानं. तुमचं नाव सांगितलं हाय, रागवू नगा.

मग तानाबाईला हाक मारली. ती आशाताई हाय तर तिनं सांगायला पायजे हुतं. ती म्हनली, मी सांगतेच की, बाया आयकत न्हाईत. मी म्हनले, आता माज्यासंगं चल, आयकतील.

गुडघा हाय तसाच हाय. आता खऱ्या गुडघ्याची गोळी पाठवा. पाकिटावर जे आसंल तेच लिवा.

आनखी एक. काल रातच्याला वैष्णवी उठून हुडकाय लागली. रेश्मा झोपेत हुती. मी उठले, तर झोपेतच तिनं कूस वळवली आन् लेकीला जवळ घेतलं. मी दारात उभी ऱ्हाऊन बघत हुते. लेकरू पोटभर पिलं आन् निजलं.

माझ्या नातीला शेळी लागली न्हाय. एवढंच लिवायचं हुतं.

रंभाबाई धोंडीराम